चापावरचं दुसरं बोट

१

सकाळी शेगडी पेटली की मार्येता आधी घासदगडांवरचं फडकं काढायची, मग खिडकीची फळी उघडायची आणि त्यानंतर स्वतःची कॉफी ठेवायची. हा क्रम बाबांनी घालून दिलेला. दगड गार असला तर पोलादाला ओरबाडतो, माणूस थोडा वेळ गार राहिला तरी चालतं, असं ते म्हणायचे.

डोंगरांच्या पायथ्याशी वसलेल्या बोरोव्ले गावात एके काळी घरोघर बंदुका घडत. कुणाकडे नळी व्हायची, कुणाकडे अक्रोडाचा दस्ता, कुणी पोलादावर पानं आणि हरणं कोरायचं. मार्येताच्या बाबांच्या, शिमनच्या घरात चाप व्हायचा. नुसता चाप, आणि तोही एकाच जातीच्या रायफलींचा. मधून मोडून उघडणाऱ्या, एका वेळी एकच गोळी घेणाऱ्या, चढणीवर खांद्याला जड न होणाऱ्या. अशा रायफलीत दुसरी गोळी भरेपर्यंत जनावर थांबत नाही, म्हणून पहिली कशी सुटते यावर सगळं असतं. चाप अडखळत, रांगत आला तर नेम हलतो आणि डोंगरातला रानबोकड जखमी होऊन कड्याखाली जातो. चांगला चाप बोटाला आधी नुसता भार देतो आणि मग वाळलेली काडी मोडावी तसा सुटतो.

आत एक खिटी असते आणि एक खाच. खिटी खाचेत बसली की घोडा अडून राहतो, चाप ओढला की ती निसटते. मार्येताचं सगळं आयुष्य त्या दोघींमधल्या केसभर जागेत गेलं होतं. दगड फिरवायचा, पुसायचं, बसवायचं. चापाला हूक अडकवून पितळी वजनं टांगायची. घोडा चढवून दस्ता चामड्याच्या तुकड्यावर आपटायचा आणि तो आपोआप पडत नाही ना, ते पाहायचं. सगळ्यात शेवटी बिनदारूचं खोटं काडतूस घालून, डोळे मिटून, बोटानं.

डोळे उघडे असले की बोटाला घाई होते, हा त्या घराचा नियम होता. ती शिकत होती तेव्हा बाबा तिच्या मागे उभे राहायचे आणि तिच्या बोटावर आपलं बोट ठेवायचे. दाबायचे नाहीत, नुसतं ठेवायचे. "थांब," म्हणायचे. "थांब... थांब..." आणि मग काही न म्हणता तिला कळायचं, आता.

बाबांना जाऊन दोन हिवाळे झाले होते. मार्येताचं लग्न राहून गेलं ते गेलंच. घरात आता बोलणारं असं काही असेल तर ती शेगडी.

बाबांचे जुने मित्र फोल्टेकाका रायफल घेऊन आले तेव्हा डोंगराच्या खांद्यापर्यंत बर्फ उतरलं होतं. मागून त्यांची बायको, मित्सीकाकू आल्या, दारातच बूट आपटत.

"ही घे माझी धाकटी," काकांनी रायफल कामाच्या बाकावर ठेवली. "हिचा जरा राग कमी कर."

"धाकटी म्हणे," काकू म्हणाल्या. "माझ्या आधी दहा वर्षं घरात होती ती. मीच सवत म्हणून आले."

"काय होतंय हिला?" मार्येतानं विचारलं.

"हिला काही नाही, मलाच झालंय." काकांनी उजव्या हाताचं पहिलं बोट तिच्यापुढे धरलं. मागच्या हिवाळ्यात डोंगरावर रात्र काढावी लागली होती, तेव्हा ते गोठलं होतं. रंग परत आला होता, जाणीव आली नव्हती. "हे आता पाहुण्यासारखं आहे. हाताला लागून बसतं, कामाला हात लावत नाही. चाप जड लागतो गं."

"एक किलोच्या खाली मी जात नाही, काका. तुम्हाला ठाऊक आहे."

"तुझा बाप गेला असता माझ्यासाठी."

"नसते गेले."

"नसता गेला," काकांनी मान्य केलं. "साडेनऊ बोटांचा माणूस, पण हट्ट वीस बोटांचा. थोडं खाली घे गं पोरी. एक म्हातारा रानबोकड मारायची परवानगी मिळालीय. पुढच्या वर्षी हे गुडघे मला वर नेणार नाहीत. आपल्या रीतीप्रमाणे त्याच्या तोंडात शेवटचा घास म्हणून डहाळी ठेवायची आणि मग ही भिंतीवर टांगायची, संपलं."

"आणि मी पुढे चालणार," काकू म्हणाल्या. "याला बर्फात वाट दिसत नाही. मागे राहतो म्हणजे दमला की मला कळत नाही, असं वाटतं याला."

काकू पुढे आणि काका रायफल घेऊन मागे. मार्येतानं ते मनात धरलं. चाप हलका करायचा, पण किती, ते त्या पुढे चालणाऱ्या पाठीकडे बघून ठरवायचं.

बाकाच्या वर भिंतीवर वाळलेल्या डहाळ्यांची रांग होती. दर मोसमाला काका आपल्या शिकारीवरची एक डहाळी बाबांना आणून देत. शेवटच्या दोन खिळ्यांवर काहीच नव्हतं. काकांनी तिकडे बघितलं आणि टोपी घातली.

"या वर्षीची तुझी," म्हणाले.

२

दोन दिवसांत काम झालं. खिटीच्या तोंडावर जुना ओरखडा होता, तो गेला. स्प्रिंग बदलली. वजनं टांगली तेव्हा चाप किलोच्या किंचित खाली सुटला. दस्ता आपटला, घोडा जागचा हलला नाही. मार्येतानं रायफल बाकावरच्या व्हाइसमध्ये, त्या लोखंडी पकडीत, मागच्या भिंतीकडे तोंड करून आवळली. तिथे वाळूनं भरलेलं खोकं होतं. काडतूस रिकामं असलं तरी नळीचं तोंड कायम तिकडेच, हाही बाबांचाच नियम. तिनं डोळे मिटले आणि चापावर बोट ठेवलं.

भार आला. आणि त्याच वेळी तिच्या बोटावर कुणीतरी बोट ठेवलं.

ती दचकली नाही, हेच नंतर तिला नवल वाटलं. स्पर्श इतका ओळखीचा होता, की आधी बरं वाटलं आणि घाबरायचं मग आठवलं. पेरावरून नखापर्यंत ते बोट तिच्या बोटावर लांब टेकलं होतं. थंड नव्हतं, ऊबदारही नव्हतं. दाबत नव्हतं. थांब, असं जणू सांगत होतं.

चाप सुटला. टक्. तिनं डोळे उघडले. बाक, दगड, खिडकीत करडा उजेड. दुसरं काहीच नव्हतं.

तिनं दोन्ही हात शेगडीवर धरले. सकाळपासून गार पोलाद हातात आहे, बोटं बधिर झाली असतील. फोल्टेकाका बधिर बोटाबद्दल बोलून गेले, तेच डोक्यात बसलं असेल. वीस वर्षं एखाद्या जागी कुणी बोट ठेवत आलं, तर ती जागा त्याची सवय सोडत नसेल. ही कारणं चांगली होती. ती तिनं एकेक करून तपासली, खिटी तपासावी तशी, आणि एकातही ओरखडा सापडला नाही.

मग तिनं परत वजनं टांगली. चाप आता पाऊण किलोला सुटत होता.

आत काही सैल झालं असणार, असं धरून तिनं सगळं उघडलं. काही सैल नव्हतं. खाच तशीच, खिटी तशीच. वजनं पुन्हा टांगली, पुन्हा पाऊण किलो. मधल्या पाव किलोचा भार कुणीतरी आपल्या अंगावर घेतला होता.

"बाबा?" ती म्हणाली, आणि त्या रिकाम्या खोलीत आपला आवाज ऐकून तिला लाज वाटली. काका-काकू गेल्यापासून तिनं घरात तोंड उघडलं नव्हतं.

मग तिनं पुन्हा डोळे मिटले.

३

त्या आठवड्यात ती सकाळी कॉफी न ठेवताच बाकाशी बसू लागली.

ते बोट रोज येत होतं. कधी पहिल्याच वेळी, कधी वाट बघायला लावून. दुसऱ्या गिऱ्हाइकांच्या रायफलींवर तिनं करून पाहिलं, तिथे येत नव्हतं. फोल्टेकाकांच्या रायफलीवरच यायचं. म्हणून ती रायफल होत नव्हती. काहीतरी राहिलंय असं वाटून ती पुन्हा उघडायची, आणि ते बोट तिला दाखवायचं काय राहिलंय ते. इथे अजून रांगतंय. इथे अजून घट्ट आहे. शब्द नसायचे, पण शिकवणाऱ्या हाताची नाराजी शिकणाऱ्याला कळतेच. ती दगड फिरवायची. दुसऱ्या वेळी ते बोट समाधानानं टेकायचं, आणि पन्नाशी ओलांडलेल्या मार्येताला शाळेत शाबासकी मिळाल्यासारखं वाटायचं.

संध्याकाळी जेवताना ती स्वतःला बजावायची, की अर्धा किलो म्हणजे फार हलका चाप झाला. उद्या स्प्रिंग ताणायची. सकाळी ती ताणायची नाही.

फोल्टेकाकांचा फोन आला. "काय गं, लग्न लावतेस काय तिचं? मोसम संपत आला."

"थोडं राहिलंय, काका."

"चापच आहे ना तो? का घड्याळ करतेयस?"

"तुम्हालाच हलका हवा होता."

"हलका हवा होता, म्हातारा व्हायच्या आत हवा होता." मागून मित्सीकाकूंचं हसणं ऐकू आलं. काका हसत नव्हते. "खरंच सांग, काही बिघडलंय का?"

"नाही," ती म्हणाली. रायफल परत गेली की खोलीत पुन्हा शेगडीच उरेल, हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं.

फोन ठेवून ती बाकाशी आली. वजनं टांगायला म्हणून तिनं चापाला हूक अडकवलं. वजन अजून तिच्या दुसऱ्या हातात होतं. टक्. रिकाम्या हुकानं चाप सुटला.

तिनं घोडा चढवून दस्ता आपटला. जोरात आपटला. पुन्हा आपटला, खाली चामडं नसतं तर लाकूड चिरलं असतं इतक्या जोरात. घोडा पडला नाही. म्हणजे खिटी घट्ट बसत होती. जी खिटी एवढ्या दणक्यानं हलत नाही, ती काडीएवढ्या हुकानं निसटते, हे कुठल्याच हिशेबात बसत नव्हतं.

आणखी एक गोष्ट होती. ती आधीही दिसली होती, पण तिनं मनावर घेतली नव्हती. रायफल व्हाइसमध्ये आवळताना नळीचं तोंड वाळूच्या खोक्याकडे असायचं. डोळे उघडल्यावर ते तिथे नसायचं. रोज थोडंसं डावीकडे सरकलेलं असायचं, खिडकीच्या बाजूला. व्हाइसचा जबडा झिजला असेल, म्हणून तिनं त्यात चामड्याची पट्टी घातली होती.

आज तोंड जवळजवळ खिडकीच्या चौकटीवर आलं होतं.

४

रात्री बर्फ पडलं. सकाळी लाकडं आणायला जाताना तिचे हातमोजे सापडेनात, म्हणून तिनं दारामागच्या खुंटीवरचे बाबांचे काढले. हे मोजे ती अधूनमधून वापरायची. उजवा हात आत घातला आणि पहिलं बोट, नेहमीसारखं, मध्येच अडलं.

बाबांचं ते बोट अर्धं होतं. मार्येताच्या जन्माआधीच यंत्रात गेलेलं. मोज्याचं बोट मग आजीनं कापून मेणाच्या दोऱ्यानं मध्येच शिवून टाकलं होतं. घालताना मार्येता नेहमी आपलं बोट आत दुमडून घ्यायची. इतक्या वर्षांची सवय, तिच्याकडे कधी लक्षच जात नाही.

ती अंगणात उभी राहिली. लाकडं तशीच राहिली.

बाबा तिच्या बोटावर बोट ठेवायचे तेव्हा ते तिच्या मधल्या सांध्याशी संपायचं. गोल, गुळगुळीत टोक. त्याच्या पुढचं तिचं बोट, नखासकट, मोकळं असायचं. साडेनऊ बोटांचा माणूस, असं फोल्टेकाका तिच्यासमोर म्हणाले होते, आणि ती हसली होती. दोन वर्षांत तिच्या आठवणीनं बाबांचं बोट पुरं करून टाकलं होतं.

जे बोट रोज येत होतं ते तिच्या नखावर टेकायचं. नखाच्याही पुढे जायचं.

ती आत गेली. जाऊ नये, असं वाटत होतं, पण रायफल तिथे होती आणि घराला दुसरी खोली अशी नव्हतीच म्हणायला, वर झोपायची जागा आणि खाली हा बाक. तिनं डावा मोजा काढला नाही, फक्त उजवा हात मोकळा केला. नळी खोक्याकडे वळवून व्हाइस आवळला, दोन्ही हातांनी, जबडा करकरेपर्यंत. खोटं काडतूस आत आहे, ते उघडून पाहिलं. मग घोडा चढवला, डोळे मिटले आणि चापावर बोट ठेवलं.

ते लगेच आलं. वाट बघत असल्यासारखं.

आज तिनं नियम मोडला. डोळे उघडले.

तिचं बोट चापावर होतं आणि त्याच्यावर काही नव्हतं. पण नख पांढरं पडलं होतं. कुणी वरून दाबल्यावर रक्त मागे सरतं तसं, अर्ध्यापर्यंत पांढरं. बाजूचं मांस दबून थोडं पसरलं होतं. ती बघत असतानाच तो पांढरेपणा नखाच्या मुळापर्यंत सरकला, आणि तिचं बोट, ती ओढत नसताना, वाकू लागलं.

व्हाइस तसाच आवळलेला होता. नळीचं तोंड खिडकीकडे होतं. खिडकीबाहेर, वाटेवर, हातात दुधाची किटली घेऊन मित्सीकाकू येत होत्या.

टक्.

काकू वाटेत थांबल्या. एक हात छातीशी नेला. तशाच उभ्या राहिल्या, कुणीतरी मागून हाक मारली आणि ओळख पटत नाही, तशा. मग मान हलवली आणि चालू लागल्या.

"काय गं, माझ्यावरच नेम धरून बसलीस की," दारात बूट आपटत त्या म्हणाल्या. "इतकी का पांढरी पडलीस? खाल्लंस का काही?"

"मघाशी वाटेत थांबलात, काय झालं?"

"काही नाही गं. इथे कळ आली जराशी. वय." त्यांनी किटली ठेवली. "म्हातारा उद्या येतोय रायफल न्यायला. तू दिलीस तर दिलीस, नाहीतर चोरून नेणार म्हणतो."

मार्येतानं खिडकीची फळी ओढून घेतली.

५

दिवसभर तिनं उलटं काम केलं. आयुष्यात कधी केलं नव्हतं ते. खाच खोल केली, स्प्रिंग दुप्पट जाड बसवली. वजनं टांगताना डोळे उघडे ठेवले आणि हात दूर. तीन किलोला चाप सुटला नाही, साडेतीनलाही नाही. गडीमाणसाला दोन बोटं लावावी लागतील असा तो चाप झाला. काकांच्या त्या पाहुण्या बोटानं तर तो जागचा हलणार नव्हता. काका चिडतील, चालेल. त्यांची शिकार जाईल. काकू त्यांच्या पुढे चालत वर जातील आणि चालत खाली येतील, एवढंच तिला हवं होतं.

काका दुसऱ्या दिवशी आले. काकू अंगणात लाकडं नीट रचत होत्या. मार्येतानं ती कालपासून तशीच टाकली होती.

"आण बघू धाकटीला."

"काका, जमलं नाही. जड झालाय. मी सांगते तुम्हाला, हा मोसम जाऊ द्या."

"बघू तरी." त्यांनी रायफल मोडून आत पाहिलं, खोटं काडतूस घातलं, मिटवली. नळी वाळूच्या खोक्याकडे धरली. आणि डोळे मिटले. त्यांनाही शिमननंच शिकवलं होतं.

"काका, डोळे उघडे ठेवा."

"गप गं."

तिनं त्यांच्या बोटाकडे पाहिलं. गोठून जाड झालेलं, पिवळट नखाचं बोट. नख हळूहळू पांढरं होत गेलं.

काकांच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. तसं हसताना तिनं त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "जड म्हणे," ते हळू म्हणाले. "अगं, लोण्यासारखा झालाय. मला लागतंय. या बोटाला लागतंय, मार्येता. शिमननं हात धरावा तसं..."

नळी खोक्यावरून सरकली. काकांना ते कळत नव्हतं. भिंतीवरून, डहाळ्यांच्या रांगेखालून, सावकाश, एखादा माणूस खोलीत नजर फिरवतो तशी. दाराकडे. उघड्या दारातून काकूंची वाकलेली पाठ दिसत होती.

मार्येतानं नळी धरली आणि वर ढकलली. टक् झालं तेव्हा ती छताकडे होती.

"काय करतेस? रिकामी आहे ती."

"नाही देणार मी ही तुम्हाला."

"काय म्हणालीस?"

"देणार नाही. चाप काढून टाकणार आहे मी. दुसरी रायफल घ्या कुणाची. पण ही घेऊन काकूंच्या मागे चालू नका."

काका चिडले नाहीत. चिडले असते तर तिला सोपं गेलं असतं. "माझ्या या बोटाला वर्षभरानं काहीतरी कळलं," ते म्हणाले. "तू ते माझ्या हातातून काढून घेतेस. का?"

तिनं रायफल छातीशी धरून ठेवली.

"तुझ्या बापानं असं केलं नसतं," काका म्हणाले.

"बाबांचं बोट अर्धं होतं," ती म्हणाली. त्यांना त्याचा अर्थ लागला नाही. टोपी घालून ते बाहेर पडले. काकूंनी एकदा वळून पाहिलं. मग दोघं वाटेनं खाली गेली, काकू पुढे, काका मागे, रिकाम्या हातांनी.

६

तिनं रायफल सोडवली. नळी कपाटात ठेवून कुलूप लावलं, दस्ता डहाळ्यांखालच्या फळीवर. चाप, खिटी, स्प्रिंग, सगळं काढून बिस्किटांच्या डब्यात घातलं आणि झाकण दाबून डबा दस्त्याशेजारी ठेवला. आता ती रायफल नव्हतीच. लाकूड आणि पोलाद होतं.

चार दिवस कुणी आलं नाही. तिनं मान खाली घालून दुसऱ्यांची कामं केली, बोटानं पाहायचं तेव्हा डोळे उघडे ठेवले. बोट आलं नाही. रात्री शांत झोप लागली आणि सकाळी उठावंसं वाटलं नाही. फोल्टेकाका दुकानात दिसले, त्यांनी ओळख दाखवली नाही. वरचे दोन खिळे रिकामेच होते, आता रिकामेच राहणार होते. खोलीतला शेगडीचा आवाज इतका मोठा कधी झाला, तिला कळलं नाही.

पाचव्या दिवशी दुपारी फोन वाजला.

"मी येतेय," मित्सीकाकू म्हणाल्या. "शार्कल केक केलाय, दालचिनी भरपूर घातलीय. म्हातारा तोंडानं बोलणार नाही, पण अर्धा तुला दे म्हणाला. तू काय केलंस ते मला कळलं नाही, पण उगीच करणारी तू नाहीस. कॉफी ठेव."

मार्येताला रडू आलं. तिनं कॉफी ठेवली, खिडकीची फळी उघडली, कितीतरी दिवसांनी. बर्फावरचा उजेड आत आला. बाकावरची जागा पुसून ती बसली आणि उजवा हात लाकडावर ठेवला.

ते आलं.

चाप नव्हता, रायफल नव्हती, तरी आलं. पेरावरून नखापर्यंत, नखाच्या पुढे. तिनं पाहिलं. नख पांढरं होत होतं.

हात ओढून घ्यायला हवा होता. ते तिला कळत होतं. पण तिला हेही कळत होतं, की शार्कल खाऊन झाला की काकू घरी जातील, त्यांच्या माणसाकडे. आणि हे बोट, कुणाचंही असो, तिच्याकडे आलं होतं. तिनं त्याला दूर केलं, कुलपात घातलं, डब्यात दाबलं, तरी तिच्याकडेच आलं होतं. इथे सुटण्यासारखं आहे तरी काय? नळी कपाटात आहे, चाप डब्यात आहे. एकदाच. काकू येईपर्यंत.

वाटेवर बर्फ करकरलं. काकूंची पावलं, थोडी जड, मधूनच दम घेणारी.

मार्येतानं डोळे मिटले.

भार आला. इतका सुरेख भार तिच्या हातून कधी उतरला नव्हता. रांगणं नाही, अडखळणं नाही. थांब, असं ते सांगत होतं, थांब, आणि तिच्यासारखी शिकणारी कुणी नाही, असंही सांगत होतं. तिचं बोट लाकडावरून उचललं गेलं आणि हवेतच, कशालाही न लागता, वाकू लागलं. पावलं जवळ आली. अंगणाचं फाटक वाजलं.

वाळलेली काडी मोडावी तसं काहीतरी सुटलं. फळीवर, रिकाम्या दस्त्याच्या बाजूला, डब्यात बारीक आवाज झाला. टक्.

बाहेरची पावलं थांबली.

मागच्या वेळीही थांबली होती, मार्येतानं स्वतःला सांगितलं. थांबली होती आणि मग पुन्हा निघाली होती. ती डोळे मिटूनच ऐकत राहिली. शेगडीवर कॉफी उतू जाऊन फसफसली. नखावरचा भार सैल होत गेला, आणि काम पुरं झाल्यावर गुरू हात उचलतो तसं, ते बोट तिच्या बोटावरून अलगद उचललं गेलं.

बर्फ अजून करकरलं नव्हतं.